रिकाम्या खुर्चीची मुदत

सरकारी कारभारात ‘प्रभारी’ हा एक मोठा सोयीस्कर शब्द आहे. पाटीवर नाव असते, नावाखाली हुद्दा असतो आणि हुद्द्यापुढे कंसात हा शब्द बसलेला असतो. आमच्या सीमाभागातल्या माणसांना तो तिन्ही भाषांत पाठ आहे. मराठीत ‘प्रभारी’, कानडीतही ‘प्रभारी’ आणि कचेरीत कुजबुजताना ‘इनचार्ज’. साहेब आहेत का विचारावे तर उत्तर मिळते, ‘आहेत, पण इनचार्ज आहेत.’ त्या ‘पण’मध्ये सगळे आले. सही होईल, निर्णय होणार नाही.

शाळेच्या आस्थापनेत आयुष्य गेल्यामुळे रिक्त जागा म्हणजे काय ते मला चांगले ठाऊक आहे. जागा दोन तऱ्हांनी रिकामी होते. एक, माणूस अचानक जातो किंवा राजीनामा देतो. तिथे कोणाचा इलाज नाही. दुसरी तऱ्हा मुदत संपण्याची. आमच्याकडे सेवापुस्तिकेच्या पहिल्या पानावर जन्मतारीख लिहिलेली असते. तीत साठ मिळवले की निवृत्तीचे साल हाती येते. ही बेरीज चौथीतल्या मुलालाही जमते. तरीसुद्धा निवृत्तीचा हार गळ्यात पडून, नारळ हातात येऊन, गुरुजी घरी गेले की वरच्या कचेरीला एकदम साक्षात्कार होतो की अरे, जागा रिकामी झाली!

शाळेच्या बाबतीत हे मी सोसत आलो. परंतु ज्या खुर्चीचे कामच मुळी इतर खुर्च्यांवर नजर ठेवण्याचे, तीही अशीच रिकामी राहते आणि कायद्याला त्याचे काही वाटत नाही, हे मला २०१२ साली कळले. निमित्त झाले आमच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिपाईमामांचे. त्यांच्या थोरल्या भावाच्या पश्चात दीड एकराच्या तुकड्यावर वारसा लावायचा होता. एका कचेरीत (तिचे नाव कशाला घ्या) कागद देऊन किती तरी दिवस झाले होते. पोच होती, नोंद नव्हती. ‘आज या, उद्या या’ आणि मधूनच ‘काही तरी बघा की’ असे सूचक बोलणे. मामांना कानडी बोलता येते, पण अर्ज लिहिण्याइतकी येत नाही. म्हणून ते माझ्याकडे आले. मी म्हटले, मामा, ह्यासाठीच लोकायुक्त आहेत. आपण रीतसर तक्रार करू. ठरावीक नमुना असतो, सोबत प्रतिज्ञापत्र लागते, एवढेच.

त्या निमित्ताने १९८४ चा कर्नाटक लोकायुक्त कायदा मिळवून मी तो प्रथमच नीट वाचला. एम. ए.ला मराठी घेतलेल्या माणसाने कायदा वाचावा तसा वाचला, म्हणजे एकेका शब्दापाशी थांबत. हा कायदा काही साधा नाही. सरकारी नोकरापासून मुख्यमंत्र्यांपर्यंत सर्वांच्या वागणुकीची चौकशी त्याखाली करता येते. मंत्री, आमदार आणि वरचे अधिकारी लोकायुक्तांकडे, बाकीचे बहुतेक नोकर उपलोकायुक्तांकडे, अशी साधारण वाटणी आहे. आमच्या गोव्याकडच्या मंडळींना सांगायचे तर गावाच्या वेशीवरचा राखणदार जसा, तसे हे पद. फरक इतकाच की राखणदाराला कोणी नेमत नाही आणि त्याची मुदत संपत नाही.

वाचता वाचता एका कलमावर मी अडखळलो. तक्रार जर गाऱ्हाण्याच्या स्वरूपाची असेल, म्हणजे काम अडवले, दिरंगाई केली, अन्याय केला अशी असेल, तर ती गोष्ट कळल्यापासून सहा महिन्यांच्या आत दिली पाहिजे. भ्रष्टाचारासारख्या आरोपाला पाच वर्षांची मुदत आहे. उशिराला सबळ कारण दाखवले तर गाऱ्हाण्याची मुदत माफ होऊ शकते, पण ते दाखवायचे कोणी? मामांनी! मग मी मागे जाऊन नेमणुकीचे कलम पुन्हा पाहिले. लोकायुक्ताची जागा रिकामी झाली तर ती किती दिवसांत भरावी? त्याला सहा महिनेही नाहीत आणि सहा वर्षेही नाहीत. त्याबद्दल कलमात एक अक्षर नाही. प्रजेच्या हाती घड्याळ दिले आहे. सरकारच्या मनगटावर ते बांधलेलेच नाही.

आणि नेमकी तेव्हा ती जागा रिकामी होती. न्या. संतोष हेगडे यांनी जुलै २०११ मध्ये बळ्ळारीच्या बेकायदा खाणींवरचा अहवाल दिला, मुख्यमंत्री येडियुरप्पा यांना पायउतार व्हावे लागले आणि ऑगस्टच्या आरंभी हेगडे यांची मुदत संपली. त्यांच्या जागी न्या. शिवराज पाटील आले. भूखंडाच्या वादावरून टीका झाल्यावर त्यांनी १९ सप्टेंबर २०११ रोजी राजीनामा दिला; दोन महिनेही झाले नव्हते. पुढे सरकारने न्या. बन्नूरमठ यांचे नाव धरले, ते राज्यपाल हंसराज भारद्वाज यांनी मान्य केले नाही. सरकार नाव बदलीना, राज्यपाल सही करीनात. असे करता करता न्या. वाय. भास्कर राव यांचा शपथविधी व्हायला फेब्रुवारी २०१३ उजाडला. सुमारे सतरा महिने झाले.

दोघांचे पटले नाही तर पुढे काय, ह्याचे उत्तर कायद्यात नाही. नेमणुकीची रीत मात्र आहे, आणि ती कागदावर फार देखणी आहे. राज्यपालांनी मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने नेमणूक करायची. मुख्यमंत्र्यांनी तो सल्ला देण्यापूर्वी पाच जणांशी विचारविनिमय करायचा. ते पाच म्हणजे उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती, विधान परिषदेचे सभापती, विधानसभेचे अध्यक्ष आणि दोन्ही सभागृहांतले विरोधी पक्षनेते.

विचारविनिमय ह्या शब्दाचा अर्थ काय, हा प्रश्न त्याच सुमारास न्यायालयात गेला. जानेवारी २०१२ मध्ये न्या. चंद्रशेखरय्या यांना उपलोकायुक्त नेमले गेले. मुख्यमंत्री होते सदानंद गौडा. त्यांनी सगळ्यांना पत्रे पाठवून नावे मागवली होती. मुख्य न्यायमूर्तींनी एक नाव सुचवले. पण नेमणूक झाली दुसऱ्याची, आणि ते दुसरे नाव मुख्य न्यायमूर्तींपुढे ठेवलेच गेले नव्हते! आपल्याकडे सोयरीक जमवताना पाच वडीलधाऱ्यांना विचारायची चाल आहे. पाचही काकांना ‘एखादा मुलगा सुचवा’ म्हणून पत्र धाडले, पाचांनी जमेल तशी स्थळे सुचवली आणि मुलीच्या बापाने त्यांतले एक पसंत करून बाकीच्यांना थेट लग्नाची पत्रिका दिली, तर ‘आम्ही सर्वांना विचारले’ असे त्याला म्हणता येईल काय? उच्च न्यायालयाने ती नेमणूक रद्द केली. सर्वोच्च न्यायालयानेही ११ जानेवारी २०१३ रोजी तेच कायम केले. मुख्य न्यायमूर्तींचेच मत अखेरचे असे कर्नाटकाचा कायदा म्हणत नाही. सल्ला शेवटी मुख्यमंत्र्यांचाच. पण ज्या नावाचा विचार चालला आहे ते पाचही जणांपुढे गेलेच पाहिजे, त्यावाचून झालेली नेमणूक शून्य, असा त्या निकालाचा सारांश आहे.

बडोद्याच्या वाचकांना ह्यापेक्षा वेगळी कथा ठाऊक असेल. गुजरातेत न्या. एस. एम. सोनी यांनी नोव्हेंबर २००३ मध्ये लोकायुक्तपद सोडले आणि ती खुर्ची जी रिकामी झाली ती झालीच. ऑगस्ट २०११ मध्ये राज्यपाल कमला बेनीवाल यांनी मुख्य न्यायमूर्तींनी सुचवलेल्या न्या. आर. ए. मेहता यांची नेमणूक केली. मंत्रिमंडळाला ती नको होती. वाद दिल्लीपर्यंत गेला आणि २ जानेवारी २०१३ रोजी, म्हणजे कर्नाटकाच्या निकालाआधी अवघे नऊ दिवस, सर्वोच्च न्यायालयाने ती नेमणूक वैध ठरवली. तिथे मुख्य न्यायमूर्तींच्या मताला वरचे स्थान दिले, इथे दिले नाही. एकाच न्यायालयाचे, एकाच पंधरवड्यातले हे दोन निकाल परस्परविरोधी वाटतील, पण तसे नाही. दोन राज्यांच्या कायद्यांची शब्दरचना निराळी आहे. गुजरातच्या त्या वेळच्या कलमात मुख्यमंत्र्यांचा उल्लेखच नव्हता. मुख्य न्यायमूर्ती आणि विरोधी पक्षनेता, एवढ्यांशीच विचारविनिमय होता. विधानसभा विसर्जित झाली असली तर काय, हेसुद्धा त्यात लिहून ठेवले होते. व्याकरण शिकवणाऱ्याने असे काही वाचले की त्याला मनातून बरे वाटते; शब्दाला अजून किंमत आहे म्हणायची. पण ह्या बरे वाटण्याला फार अर्थ नव्हता, कारण इतके जिंकूनही मेहता यांनी पद स्वीकारलेच नाही. दुसरे लोकायुक्त यायला २०१३ चा डिसेंबर आला. दहा वर्षे! त्या दहा वर्षांत शाळेत एक पिढी पहिलीत बसून दहावी होऊन बाहेर पडते.

गोव्याचे तेच. २०१३ साली पहिले लोकायुक्त म्हणून न्या. सुदर्शन रेड्डी आले, त्याच वर्षी त्यांनी राजीनामा दिला, आणि पुढचे, न्या. पी. के. मिश्रा, आले ते २०१६ मध्ये. ते २०२० मध्ये निवृत्त झाल्यावर योग्य माणूस मिळेना, म्हणून पात्रतेची अट सैल करून उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीशही चालतील असे ठरवले गेले. कर्नाटकाने हे आधीच, २०१५ मध्ये केले होते. पूर्वी लोकायुक्त व्हायला सर्वोच्च न्यायालयाचा माजी न्यायाधीश किंवा उच्च न्यायालयाचा माजी मुख्य न्यायमूर्ती लागे. आता उच्च न्यायालयात दहा वर्षे काढलेला न्यायाधीश पुरतो. ह्यात वाईट काही नाही. उंबरा उंच असला की घरात येणारे कमी, हे खरेच. पण उंबरा तासल्यावर तरी दार वेळेवर उघडावे, ही अपेक्षा पुरी झाली नाही.

कारण डिसेंबर २०१५ मध्ये, कार्यालयातल्याच खंडणीच्या आरोपांचे वादळ उठल्यावर, भास्कर राव यांनी राजीनामा दिला आणि पुन्हा तोच खेळ सुरू झाला. सरकारने सुचवलेले एक नाव राज्यपालांनी परत धाडले. न्या. विश्वनाथ शेट्टी यांचा शपथविधी २८ जानेवारी २०१७ ला झाला. मधल्या तेरा महिन्यांत काय झाले ते पाहण्याजोगे आहे. मार्च २०१६ मध्ये सरकारने निराळे ‘भ्रष्टाचार प्रतिबंधक दल’ उभारले आणि लोकायुक्त पोलिसांकडचे लाचलुचपतीच्या तपासाचे अधिकार काढून घेतले. सावज धरणारे कुत्रे साखळीला बांधावे आणि नवे पिल्लू घराच्या मालकाच्याच पायाशी ठेवावे, तसे ते होते. हा बदल लोकायुक्त खुर्चीवर असते तर झालाच नसता असे मी म्हणणार नाही. पण विरोधाचे पत्र लिहायला त्या टेबलामागे कोणी नव्हते, ही गोष्ट उरतेच. उच्च न्यायालयाने ते दल रद्द केले ११ ऑगस्ट २०२२ रोजी, सहा वर्षांनंतर.

रिकाम्या खुर्चीबद्दल कायद्यात काही लिहिता येतच नाही, असे मात्र समजू नये. २०१३ च्या लोकपाल कायद्यात ते लिहिले आहे. अध्यक्षाची किंवा सदस्याची मुदत संपण्याच्या किमान तीन महिने आधी नव्या नेमणुकीसाठी पावले उचलावीत. मृत्यूने, राजीनाम्याने वा अन्य कारणाने अध्यक्षाची जागा रिकामी झाली तर राष्ट्रपती सर्वांत ज्येष्ठ सदस्याला काम पाहण्यास सांगू शकतात. निवड समितीतच एखादी जागा रिकामी असली तरी तेवढ्या कारणाने नेमणूक बाद ठरत नाही. वाचून वाटते, हे कलम कोणी तरी पोळलेल्या माणसाने लिहिले असावे.

तरी काय झाले? कायदा अमलात आला जानेवारी २०१४ मध्ये. निवड समितीत लोकसभेचा विरोधी पक्षनेता हवा. त्या वर्षीच्या निवडणुकीनंतर मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेताच नव्हता. त्या सबबीवर गाडे अडले. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कायदा आहे तसा राबवता येतो, थांबायचे कारण नाही. पहिले लोकपाल न्या. पिनाकी चंद्र घोष यांनी शपथ घेतली मार्च २०१९ मध्ये. ते सत्तर वर्षांचे होऊन मे २०२२ मध्ये निवृत्त झाले. सत्तरी काही अचानक येत नाही! पण तीन महिन्यांचे ते कलम कागदावरच राहिले आणि ज्येष्ठ सदस्य न्या. प्रदीपकुमार मोहंती यांनी पावणेदोन वर्षांहून अधिक काळ काम पाहिले. मार्च २०२४ मध्ये न्या. अजय खानविलकर आले. आपल्या पुण्यात जन्मलेला माणूस त्या जागी बसला ह्याचा आनंद मला झाला, पण त्याआधीचा काळ ‘प्रभारी’ ह्या माझ्या जुन्या ओळखीच्या शब्दानेच व्यापला होता. म्हणजे पर्यायी सोय करून ठेवली की खरी सोय करण्याची निकड संपते. शाळेत हे मी नेहमी पाहतो. ज्या वर्गाला बदली शिक्षक मिळतो त्या वर्गाला शिक्षक मिळायला सर्वांत जास्त वेळ लागतो.

ह्याहून जवळची एक खुर्ची आहे आणि तिच्याबद्दल लिहिल्यावाचून सीमाभागातल्या मराठी माणसाचा लेख पुरा होऊ नये. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा सातव्या घटनादुरुस्तीने ३५० ब हे कलम घातले गेले. भाषिक अल्पसंख्याकांसाठी एक विशेष अधिकारी असेल, त्याला राष्ट्रपती नेमतील. त्याने भाषिक अल्पसंख्याकांना दिलेल्या संरक्षणाची चौकशी करून राष्ट्रपतींना अहवाल द्यायचा आणि तो संसदेपुढे ठेवून राज्य सरकारांकडे पाठवायचा. १९५७ पासून हे कार्यालय आहे. ते वर्षानुवर्षे अलाहाबादेत होते, आणि त्याची एक विभागीय शाखा आपल्या बेळगावात होती. मराठीतून कागदपत्रे मिळावीत, मराठी शाळांना शिक्षक मिळावेत म्हणून कितीजणांनी तिथे अर्ज नेऊन दिले असतील! ती शाखा पुढे चेन्नईला हलली.

ह्या अधिकाऱ्याला पात्रता काय हवी, कोणाशी विचारविनिमय करून नेमावे, मुदत किती, जागा रिकामी पडली तर किती दिवसांत भरावी? घटनेच्या त्या कलमात ह्यांतले काहीही नाही. लोकायुक्तासाठी निदान पाच माणसांना पत्र तरी जाते आणि ते गेले नाही तर न्यायालयात दाद मागता येते. इथे मोडण्यासारखा नियमच नाही. आपल्या भाषेचा राखणदार घटनेत आहे म्हणून आपण अभिमानाने सांगतो. त्याची खुर्ची रिकामी राहिली तर कोणत्या कलमाचा भंग झाला असे कोणी विचारले तर बोट ठेवायला जागा सापडत नाही. मला वाटते, आपल्या ठरावांत आणि निवेदनांत मागण्यांच्या यादीत हे एक वाक्य यायला हवे होते: मुदत लिहा, आणि मुदतीआधी तीन महिने लिहा. शाखा परत आणण्याची मागणी रास्तच आहे. पण परत आलेल्या शाखेत कोण बसणार हे कायद्यात नसेल तर ती पाटीच्या रूपाने परत येईल.

माहितीच्या अधिकाराच्या आयोगांबाबत सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये जवळपास हेच सांगितले. जागा रिकामी होणार त्याच्या एकदोन महिने आधीच भरतीची प्रक्रिया सुरू करावी. न्यायालयाला हे सांगावे लागले ही त्यातली मौज. दळण संपण्याआधी गिरणीत डबा पाठवावा हे आपल्या घराघरांत न सांगता होते.

मामांचे राहिलेच. त्यांची तक्रार मी लिहून दिली. कानडीतला मजकूर आमच्या शाळेतल्या कानडी शिक्षकांनी तपासला. प्रतिज्ञापत्रासाठी वकिलाकडे जायचे ठरले. तेवढ्यात मामांनी कोणाकडून तरी ऐकले की बेंगळुरूला लोकायुक्तच नाहीत. ते दुसऱ्या दिवशी आले आणि म्हणाले, ‘सर, गल्ल्यावर मालकच न्हाई तर दुकानात जाऊन काय मागू?’ मी त्यांना समजावले की तुमचे काम उपलोकायुक्तांकडचे आहे, कार्यालय चालू आहे, तक्रार घेतात, पोच देतात. कायद्याच्या दृष्टीने माझे बरोबर होते. पण मामांच्या डोळ्यांपुढे खुर्ची होती आणि तिच्यावर माणूस नव्हता. त्यांनी कागद घडी करून पिशवीत ठेवला. सहा महिने तसेच गेले. नोंद पुढे झाली ती कशी झाली ते मी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. एक शेळी विकल्याचे मात्र त्यांच्या मुलाच्या तोंडून कळले.

रिकाम्या खुर्चीच्या काळात किती तक्रारी पडून राहिल्या ह्याचा आकडा कधी ना कधी छापून येतो. ज्या तक्रारी घराबाहेर पडल्याच नाहीत त्यांची नोंद कुठल्या रजिस्टरात असणार?

न्या. विश्वनाथ शेट्टी यांची मुदत जानेवारी २०२२ अखेर संपली. पाच वर्षांपूर्वी शपथ घेतली त्या दिवशीच ती तारीख ठरलेली होती. तेव्हा उपलोकायुक्त असलेले न्या. बी. एस. पाटील लोकायुक्त झाले ते १५ जून २०२२ ला. साडेचार महिन्यांची ही फट आधीच्या मानाने लहानच. त्या वर्षी नागरिकशास्त्राच्या तासाला मी दहावीच्या वर्गाला हा हिशेब फळ्यावर करून दाखवला. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, ‘सर, मग त्या पाच जणांना पत्र कधी पाठवतात?’ मी म्हटले, कायद्यात तारीख नाही. तिने वहीत लिहिले: पत्र – तारीख नाही. आणि खाली रेघ मारून पुढचा धडा काढला.